ऐतिहासिक चर्चवास्तूंची सुगम्यता

ऐतिहासिक चर्चवास्तूंची सुगम्यता ही वारसा-संवर्धन आणि दिव्यांगांचे हक्क या दोन क्षेत्रांना जोडणारी संकल्पना आहे. शतकानुशतके उभ्या असलेल्या चर्चमध्ये दिव्यांग उपासकांना, अभ्यागतांना आणि धर्मगुरूंना इतरांच्या बरोबरीने प्रवेश करता यावा, वावरता यावे आणि उपासनेत भाग घेता यावा, यासाठी वास्तूत व तिच्या व्यवस्थेत केल्या जाणाऱ्या बदलांचा समावेश या संज्ञेत होतो. या विषयाचा कायदा आणि प्रत्यक्ष बांधकामाचा अनुभव इंग्लंडमध्ये विस्ताराने विकसित झाला आहे. म्हणून प्रस्तुत लेखात मुख्यत्वे चर्च ऑफ इंग्लंडच्या वास्तूंचा विचार केला असून शेवटी भारतातील, विशेषतः गोव्यातील, स्थितीची नोंद घेतली आहे.

जुन्या किल्ल्याच्या किंवा राजवाड्याच्या सुगम्यतेपेक्षा चर्चचा प्रश्न वेगळा आहे. किल्ला पाहायला येणारा माणूस बहुधा एकदाच येतो. चर्चमध्ये तोच माणूस दर रविवारी येतो. त्याचा बाप्तिस्मा, विवाह आणि अंत्यविधी तेथेच होतात. त्यामुळे व्हीलचेअर दारातून आत गेली की काम संपले, असे येथे म्हणता येत नाही. ती व्यक्ती वेदीपर्यंत पोहोचू शकते काय, कुटुंबीयांच्या शेजारी बसू शकते काय, आणि स्वतः धर्मगुरू असल्यास उपासना चालवू शकते काय, हे प्रश्न त्यापुढचे आणि अधिक कठीण आहेत.

अडथळ्यांचे मूळ

चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे १६,००० चर्चवास्तू आहेत आणि त्यांपैकी १२,००० हून अधिक वास्तू वारसा म्हणून सूचीबद्ध आहेत. यांतील अनेकांचा मूळ भाग मध्ययुगीन आहे. या वास्तूंमधील अडथळे एकाच काळात निर्माण झालेले नाहीत, आणि नेमकी हीच गोष्ट वादात पुष्कळदा विसरली जाते.

पहिला अडथळा जमिनीच्या पातळीचा आहे. इंग्लंडमधील जुन्या चर्चभोवतीचे आवार हेच गावाचे कबरस्तान असे. त्याच जागेत शेकडो वर्षे दफने होत राहिल्याने भोवतालची जमीन हळूहळू उंच झाली. परिणामी अनेक चर्चमध्ये द्वारमंडपातून एक-दोन पायऱ्या चढून नव्हे, तर उतरून आत जावे लागते. मूळ बांधणाऱ्यांनी दार कदाचित जमिनीच्या पातळीवरच ठेवले असेल. पायऱ्या पुढच्या पिढ्यांच्या कबरींनी निर्माण केल्या. हा अडथळा दूर करण्यासाठी खोदकाम करावे तर मानवी अवशेष लागण्याची शक्यता असते, आणि त्यासाठी स्वतंत्र परवानगी व पुरातत्त्वज्ञांची देखरेख लागते.

दुसरा अडथळा वेदीपुढील पायऱ्यांचा आहे. सभामंडपातून वेदीमंडपाकडे, म्हणजे धर्मगुरू व गायकवृंद यांच्या भागाकडे, जाताना आणि पुढे वेदीपाशी जाताना पायऱ्या चढाव्या लागतात. त्या मध्ययुगीन असतील अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु १८३९ मध्ये केंब्रिज येथे स्थापन झालेल्या केंब्रिज कॅमडेन सोसायटी या संस्थेच्या प्रभावाखाली एकोणिसाव्या शतकात असंख्य चर्चचे नूतनीकरण झाले. वेदी उंचावर, सर्वांना दिसेल अशी असावी, असा या चळवळीचा आग्रह होता. आज ‘जुन्या’ म्हणून जपल्या जाणाऱ्या पायऱ्यांपैकी अनेक पायऱ्या या काळातील आहेत. सभामंडपातील लाकडी बाक आणि त्या बाकांखालचे, फरशीपेक्षा काही सेंटिमीटर उंच असलेले लाकडी चौथरेही पुष्कळ ठिकाणी त्याच शतकातील आहेत. अर्थात एकोणिसाव्या शतकातील काम म्हणून ते आपोआप कमी मोलाचे ठरत नाही. व्हिक्टोरियन काळातील उत्तम सुतारकाम व चिनी मातीच्या चित्रफरशा यांना आज स्वतंत्र वारसामूल्य आहे, आणि त्यांची बाजू मांडणारी व्हिक्टोरियन सोसायटी ही संस्था १९५८ पासून कार्यरत आहे.

काही मध्ययुगीन चर्चच्या भिंतींत वेदीच्या दिशेने पाहणारी तिरकी छिद्रे किंवा खालच्या पातळीवरच्या लहान खिडक्या आढळतात. आत येण्यास मनाई असलेल्या कुष्ठरोग्यांना बाहेरून उपासना पाहता यावी म्हणून त्या ठेवल्या होत्या, असे एकोणिसाव्या शतकात मानले जाई. पर्यटकांना आजही ही कथा सांगितली जाते. अभ्यासक मात्र ती स्वीकारत नाहीत.

कायद्याची चौकट

ब्रिटनमध्ये १९९५ च्या दिव्यांग भेदभाव कायद्याने सेवा पुरवणाऱ्या संस्थांवर ‘वाजवी बदल’ करण्याचे दायित्व टाकले. त्यातील इमारतींच्या भौतिक रचनेविषयीची तरतूद १ ऑक्टोबर २००४ पासून लागू झाली. पुढे २०१० च्या समानता कायद्याने इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडपुरती या कायद्याची जागा घेतली. चर्च ही लोकांना सेवा देणारी संस्था मानली जात असल्याने तिलाही हे दायित्व लागू आहे. ते आगाऊ स्वरूपाचे आहे: कोणी दिव्यांग व्यक्ती दारात येऊन अडेपर्यंत थांबणे कायद्याला अभिप्रेत नाही. अडथळा काढून टाकणे, त्यात फेरफार करणे, तो टाळून जाण्याचा मार्ग देणे किंवा तीच सेवा अन्य रीतीने पुरवणे असे पर्याय कायदा देतो. यांतील शेवटचा पर्याय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अपुरा आहे. घरी बसून पडद्यावर उपासना पाहणे हे आजारी माणसासाठी उपयुक्त असले, तरी चर्चमध्ये येऊ इच्छिणाऱ्यासाठी ते उत्तर नव्हे.

अमेरिकेची भूमिका याच्या उलट आहे. तेथील १९९० च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक जागांच्या सुगम्यतेविषयी विस्तृत तरतुदी आहेत. पण धार्मिक संस्था आणि त्यांच्या नियंत्रणाखालील उपासनास्थळे यांना त्यांतून वगळले आहे.

समानता कायदा वारसाविषयक परवानग्या रद्द करत नाही. रॅम्प कायद्याने अपेक्षित असला, तरी तो अमुक ठिकाणी, अमुक स्वरूपात बांधण्याची मुभा निराळी मिळवावी लागते.

फॅकल्टी परवानगी

इंग्लंडमध्ये सूचीबद्ध इमारतीत बदल करण्यासाठी सामान्यतः स्थानिक प्रशासनाची संमती लागते. काही मान्यताप्राप्त ख्रिस्ती पंथांना मात्र, त्यांची स्वतःची तितकीच काटेकोर व्यवस्था असल्याच्या अटीवर, या संमतीतून सूट आहे. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये ही व्यवस्था ‘फॅकल्टी’ या नावाने ओळखली जाते. फॅकल्टी म्हणजे धर्मप्रांताच्या न्यायालयाने दिलेली लेखी परवानगी. या न्यायालयाला कन्सिस्टरी न्यायालय व त्याच्या न्यायाधीशाला चान्सेलर म्हणतात. कॅथेड्रल या पद्धतीत येत नाहीत. त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा व समित्या आहेत. बाहेरील बांधकामासाठी नगरनियोजनाची नेहमीची परवानगी दोन्ही प्रकारांत घ्यावी लागते.

अर्ज करणाऱ्या चर्चला दोन निवेदने द्यावी लागतात. एकात वास्तूचे महत्त्व कशात आहे ते सांगायचे असते, तर दुसऱ्यात बदलाची गरज का आहे ते. अनुभवी सल्लागार पहिल्या निवेदनावर अधिक भर देतात. कारण कोणती पायरी तेराव्या शतकातील आणि कोणती १८६० च्या सुमाराची हे ठरल्याशिवाय कशाला हात लावता येईल हे ठरत नाही. त्यानंतर धर्मप्रांताची सल्लागार समिती, शासनाची हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था आणि वारसाप्रेमी संस्था यांची मते घेतली जातात. जाहीर सूचना लावली जाते आणि गावातील रहिवाशालाही हरकत नोंदवता येते.

चान्सेलर आज जे निकष लावतात ते २०१२ मध्ये डर्बीशायर परगण्यातील डफील्ड येथील सेंट आल्कमंड चर्चच्या प्रकरणात आर्चेस न्यायालयाने घालून दिले. हे प्रकरण सुगम्यतेचे नव्हते, वेदीमंडपापुढील नक्षीदार पडदी हलवण्याचे होते. पण त्यातील प्रश्नमालिका सर्वच बदलांना लावली जाते. बदलामुळे वास्तूच्या महत्त्वाला हानी पोहोचेल काय, पोहोचल्यास ती किती गंभीर असेल, बदलाचे समर्थन किती स्पष्ट व पटण्याजोगे आहे, आणि त्यातून होणारे लोकहित त्या हानीपेक्षा मोठे आहे काय, असा तिचा क्रम आहे. हानी जितकी गंभीर, तितके लोकहित मोठे असावे लागते. प्रथम श्रेणीच्या वास्तूची गंभीर हानी केवळ अपवादात्मक परिस्थितीतच मान्य होते. दिव्यांगांचा प्रवेश हे लोकहितच आहे. तथापि ‘सुगम्यता’ हा शब्द उच्चारला की परवानगी मिळते, असे मात्र नाही. तोच हेतू कमी हानीच्या मार्गाने साधता येईल काय, हे तपासले जाते.

रॅम्पचे गणित

रॅम्प ही वरकरणी सोपी वाटणारी गोष्ट जुन्या चर्चमध्ये अवघड का ठरते, हे साध्या हिशेबाने कळते. इंग्लंडच्या बांधकाम नियमांच्या मार्गदर्शिकेनुसार २ मीटर लांबीपर्यंतच्या रॅम्पला १:१२, ५ मीटरपर्यंत १:१५ आणि १० मीटरपर्यंत १:२० एवढा कमाल चढ चालतो. प्रत्येकी १५ सेंटिमीटर उंचीच्या तीन पायऱ्या असतील, तर एकूण उंची ४५ सेंटिमीटर होते. १:२० च्या चढाने त्यासाठी ९ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. शिवाय वर व खाली व्हीलचेअर वळवण्याइतकी सपाट जागा आणि हातांना आधार देणारे कठडे लागतात. गावातील लहान चर्चच्या द्वारमंडपासमोर एवढी जागा मिळाली, तरी त्या जागेत कबरी असतात.

म्हणून कुशल वास्तुविशारद पुष्कळदा रॅम्प असा बांधतच नाहीत. फाटकापासून दारापर्यंतची संपूर्ण पायवाट थोडी थोडी उचलून किंवा वळवून ते ती उंबरठ्याच्या पातळीला आणतात. अशा वाटेवरून सगळेच चालतात. ती दिव्यांगांसाठी आहे हे लक्षातही येत नाही. मोकळी खडी काढून तेथे घट्ट बसवलेली फरसबंदी करावी लागते, कारण खडीत चाके रुततात आणि कुबड्या घसरतात.

दुसरा मार्ग उत्तरेच्या दाराचा. मध्ययुगीन चर्चना पुष्कळदा दक्षिण व उत्तर अशी समोरासमोर दोन दारे असत. त्यांतील उत्तरेचे दार पुढे अनेक ठिकाणी बुजवण्यात आले. ते पुन्हा उघडल्यास पायऱ्यांविना आत येता येते, अशी काही चर्चची स्थिती आहे. यात नवी भिंत फोडावी लागत नाही, ही जमेची बाजू.

घडीचा, उचलून लावायचा रॅम्प ही सर्वाधिक आढळणारी तडजोड आहे. त्यासाठी परवानगीचा फारसा खटाटोप लागत नाही आणि दगडालाही धक्का लागत नाही. परंतु तो कपाटामागून काढून लावणारे कोणीतरी हजर असावे लागते, आणि तोवर येणाऱ्याला बाहेर थांबावे लागते. एकट्याने, न सांगता, मनात आले म्हणून चर्चमध्ये जाऊन बसणे हा भाविकाचा साधा अनुभव त्यामुळे त्याला मिळत नाही. मागच्या बाजूच्या, कचऱ्याच्या डब्यांजवळून जाणाऱ्या दारानेच आत यावे लागणे हीदेखील याच जातीची उणीव आहे. आत पोहोचणे आणि सन्मानाने आत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

अंतर्भागातील बदल

आत आल्यावरचा पहिला प्रश्न बसण्याचा असतो. पूर्वी व्हीलचेअर मधल्या वाटेत किंवा सर्वांत मागे उभी केली जाई. आता एखाद्या रांगेतील बाक काही फुटांनी आखूड करून जागा काढली जाते, म्हणजे ती व्यक्ती आपल्या माणसांच्या शेजारी बसू शकते. अशा जागा एकाच कोपऱ्यात न ठेवता वेगवेगळ्या रांगांत ठेवणे अधिक योग्य मानले जाते. सगळे बाक काढून सुट्या खुर्च्या ठेवण्याचा पर्यायही असतो, आणि गावागावांत सर्वाधिक भांडणे त्यावरच होतात.

फरशीतही अडचणी असतात. सभामंडपाच्या जमिनीत कोरीव कबरशिळा असतात; त्या झिजलेल्या व उंचसखल असतात. जुन्या उष्णतावाहिन्यांवरील लोखंडी जाळ्यांच्या फटींत काठीचे टोक किंवा खुर्चीचे पुढचे लहान चाक अडकते. स्वच्छतागृहाची अडचण याहून मूलभूत आहे, कारण मध्ययुगीन चर्चमध्ये नळ नसे आणि मैलावाहिनीही नसे. व्हीलचेअर वळवता येईल अशा स्वच्छतागृहाला साधारण १.५ मीटर रुंद व २.२ मीटर लांब जागा लागते. ती बहुधा मनोऱ्याच्या पायथ्याशी काढली जाते. सांडपाण्यासाठी कबरींच्या वरच्या थरातच राहणारा उथळ चर खणला जातो.

वेदीपुढील पायऱ्या राहतातच. प्रभुभोजनाच्या वेळी धर्मगुरू खाली उतरून त्या व्यक्तीच्या जागेवर येतात, ही रूढ पद्धत आहे आणि अनेकांना ती सोयीची वाटते. इतर सर्वजण पुढे जात असताना आपण मात्र जागेवर राहतो, याचे शल्य काहींना असते. यावर उपाय म्हणून कित्येक चर्चनी सभामंडपातच, जमिनीच्या पातळीवर, दुसरी वेदी मांडली आहे. त्यामुळे चालण्याची अडचण असलेल्या धर्मगुरूलाही उपासना चालवता येते. ही बाब किरकोळ नाही. रोमन कॅथलिक पंथाच्या १९१७ च्या धर्मसंहितेत शारीरिक व्यंग हा धर्मगुरुपदाच्या आड येणारा दोष मानला होता. १९८३ च्या संहितेत तो राहिला नाही. नियम गेला तरी प्रवचनपीठाच्या अरुंद, वळणदार पायऱ्या आहेत तिथेच आहेत.

ऐकणे आणि पाहणे

सुगम्यता म्हणजे रॅम्प, हे समीकरण श्रवणदोष व दृष्टिदोष असलेल्यांवर अन्याय करणारे आहे. उंच दगडी छताखाली आवाज घुमतो. संगीताला तो खुलवतो, पण बोललेले शब्द एकमेकांत मिसळतात. श्रवणयंत्र हा गोंगाटही मोठा करून देते. त्यावरचा उपाय म्हणजे ‘हिअरिंग लूप’. बसण्याच्या जागेभोवती एक तार फिरवलेली असते. मायक्रोफोनमधील ध्वनीनुसार तिच्यातील विद्युतप्रवाह बदलतो व चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, आणि श्रवणयंत्रातील टेलिकॉइल ते थेट ग्रहण करते. मधला प्रतिध्वनी वगळला जातो. तार फरशीच्या कडेने लपवता येत असल्याने वास्तूला अत्यल्प धक्का लागतो. वारसा आणि सुगम्यता यांच्यात फारसा झगडाच नसलेला हा बदल आहे. तरीही वक्ता मायक्रोफोनपासून दूर जाऊन बोलला, की सारी यंत्रणा व्यर्थ ठरते.

पूर्णतः बहिऱ्या उपासकांसाठी प्रकाश महत्त्वाचा असतो. सांकेतिक भाषेतील दुभाष्याचे हात आणि वाचकाचे ओठ स्पष्ट दिसावे लागतात. मागे रंगीत काचेची तेजस्वी खिडकी असेल तर ते दिसत नाहीत. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १८७० च्या दशकात खास बहिऱ्या लोकांसाठी सेंट सेव्हियर्स चर्च बांधण्यात आले होते, एवढा हा विचार जुना आहे.

अंध अभ्यागतांसाठी वास्तूची स्पर्शप्रतिकृती, ब्रेल व मोठ्या अक्षरांतील उपासनापुस्तके आणि कोरीवकामाला हात लावू देणाऱ्या मार्गदर्शित फेऱ्या उपयोगी पडतात. अल्पदृष्टी असलेल्यांसाठी पायरीच्या कडेवर वेगळ्या रंगाची पट्टी लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, पण जुन्या दगडावरील रंगपट्टीला सौंदर्याच्या नावाने हमखास विरोध होतो.

लंडनमधील दोन प्रकल्प

क्रिस्टोफर रेन यांनी रचलेले सेंट पॉल्स कॅथेड्रल १६७५ ते १७१० या काळात बांधले गेले. पश्चिमेकडील भव्य पायऱ्या ही त्याची ओळख आहे. उत्तरेकडील प्रवेशद्वारी कायमस्वरूपी रॅम्प २०२२ मध्ये खुला झाला. पायऱ्यांविना सर्वांना एकाच दाराने आत येण्याची सोय तेथे ३०० वर्षांत प्रथमच झाली. कॅरो आर्किटेक्चर या संस्थेने त्याची रचना केली.

वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत जमिनीपासून सुमारे १६ मीटर उंचीवर, कमानींच्या वर, एक दालन शतकानुशतके सामान्य लोकांना बंद होते. तेथे २०१८ मध्ये संग्रहालय सुरू करताना वास्तुविशारद टॉलेमी डीन यांनी बाहेरच्या बाजूस, जुन्या भिंतींच्या खाचेत, वेस्टन टॉवर हा नवा मनोरा उभारला. त्यात जिना व लिफ्ट दोन्ही आहेत. १७४५ मध्ये पश्चिमेचे जुळे मनोरे पूर्ण झाल्यानंतरची अ‍ॅबीमधील ही पहिली मोठी भर होती. मोठा निधी उभारू शकणाऱ्या संस्थांचे हे प्रकल्प आहेत. गावातील चर्चला आपल्या वास्तूचा खर्च मुख्यतः स्वतःच्या सभासदांकडून भागवावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी काम अडते ते परवानगीपेक्षा पैशापाशी.

भारतातील स्थिती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील ‘सार्वजनिक इमारत’ या संज्ञेच्या व्याख्येत धार्मिक कारणासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे या बाबतीत भारतीय कायदा अमेरिकेपेक्षा व्यापक आहे. नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांच्या आत विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम्य कराव्यात, अशी तरतूद त्यात आहे. हे नियम जून २०१७ मध्ये आले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात या नियमांतील सुगम्यतेविषयीचा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला. त्यातील मानके बंधनकारक नसून केवळ शिफारशीवजा आहेत, हे त्याचे कारण होते.

दुसरीकडे, राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना १९५८ चा प्राचीन स्मारके अधिनियम लागू होतो व त्यांतील कोणताही बदल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या अखत्यारीत येतो. मुंबईतील सेंट थॉमस कॅथेड्रलसारख्या, १७१८ पासून वापरात असलेल्या वास्तूंना महानगराचे वारसा-नियम लागू आहेत. इंग्लंडमधील फॅकल्टीसारखी, उपासनेची गरज आणि वारसामूल्य यांचा एकत्र निवाडा करणारी व्यवस्था भारतात नाही.

गोव्यातील चर्च व मठ १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यांतील बॉम जेझुस बॅसिलिकेचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले व १६०५ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. ती संरक्षित स्मारक आहे आणि तेथे नियमित मिस्साही होते. तिचा बाहेरून दिसणारा उघडा जांभा दगड हे तिचे प्राचीन रूप समजले जाते; प्रत्यक्षात त्यावरील चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकातील पोर्तुगीज नूतनीकरणात काढला गेला आणि तो पुन्हा करावा अशी मागणी होत आली आहे. आत सेंट फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची शवपेटी उंच संगमरवरी समाधीवर आहे, त्यामुळे एरवी सर्वच भाविकांना तिचे दर्शन खालूनच घ्यावे लागते. साधारण दर दहा वर्षांनी होणाऱ्या दर्शनसोहळ्यात अवशेष खाली आणून जवळच्या से कॅथेड्रलमध्ये ठेवले जातात. अलीकडचा असा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. या सोहळ्याला येणाऱ्यांत वृद्ध व आजारी भाविकही असतात. सोहळ्यापुरत्या उभारलेल्या तात्पुरत्या सोयी संपल्यावर काढता येतात आणि स्मारकाला धक्का लागत नाही. परंतु मधल्या दहा वर्षांत रोजच्या मिस्सेला येणाऱ्यांना त्यांचा उपयोग होत नाही.